खेकड्याची नांगी आणि विंचवाची नांगी

सोनपेठ हें परभणी जिल्ह्यांतील, गोदावरीच्या खोऱ्यांतलें तालुक्याचें गांव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. येथील जमीन काळी. पावसांत लोण्यासारखी मऊ आणि वैशाखांत हात आंत जाईल एवढ्या भेगांची. अशा जमिनींत आणि दगडमातीच्या जुन्या घरांत दोन जीवांना हक्काचा आसरा मिळतो. ओढ्याच्या काठाला व पाटाच्या बांधाला खेकडा बीळ करतो. गोवऱ्यांच्या ढिगांत, कडब्याच्या गंजीखालीं, भिंतीच्या सांदींत विंचू राहतो. एक पाण्याचा सोयरा, दुसरा कोरड्याचा. एकाला लोक धरून शिजवितात, दुसऱ्याला दिसेल तेथें ठेचतात. तरी दोघांच्याहि शस्त्राला मराठींत शब्द एकच आहे : नांगी.

खेकड्याच्या बाबतींत नांगी म्हणजे पुढचा चिमटा. विंचवाच्या बाबतींत मात्र नांगी म्हणजे शेपटीच्या टोंकाचा विषारी कांटा. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें या दोन अवयवांत कांहींहि संबंध नाहीं. परंतु बोलणाऱ्याला अवयवाशीं कर्तव्य नसतें, तो इजेकडे पाहतो. ज्यानें इजा होते ती नांगी, असा सरळ हिशेब त्यानें केला. या हिशेबांत एक गोष्ट मात्र मागें राहिली. विंचवालाहि खेकड्यासारखे पुढें दोन चिमटे असतात. त्यांना रोजच्या बोलण्यांत स्वतःचें असें ठरलेलें नांव राहिलें नाहीं. कोणी आंकडे म्हणतो, कोणी चिमटे म्हणतो, बहुतेक कांहींच म्हणत नाहींत. सर्वांची नजर शेपटीवर. वास्तविक विंचू किती घातक आहे याची पहिली खूण त्या बिननांवाच्या पुढच्या चिमट्यांतच असते. पण तो विषय पुढें यावयाचा आहे.

प्रथम खेकडा. त्याला पायांच्या पांच जोड्या. त्यांतील पहिल्या जोडीच्या टोंकांना चिमटे झालेले. चिमट्याचें एक बोट स्थिर असतें व दुसरें त्यावर मिटतें, जशी सोनाराची सांडशी. सांडशी हा शब्द संस्कृत संदंश यापासून आला. सुश्रुतानें शस्त्रवैद्याच्या यंत्रांचे जे वर्ग सांगितले त्यांत संदंशयंत्रें हा एक स्वतंत्र वर्ग आहे. माणसानें हें हत्यार खेकड्याकडून उचललें असें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु दोघांची रचना एका ठशाची आहे एवढें खरें.

दख्खनच्या खेकड्याच्या या चिमट्याचें एक सुरेख लेखी वर्णन एका धर्मोपदेशकाच्या रोजनिशींत सांपडतें. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे १८२५ सालच्या पावसाळ्यांत मुंबईहून घाट चढून पुण्यास आले. पेशवाई जाऊन तेव्हां अवघीं सात वर्षें झालीं होतीं. हेबर यांनीं किल्ले पाहिले, लेणीं पाहिलीं आणि त्यांबरोबर गवतांतले लहान खेकडेहि पाहिले. हे खेकडे जणूं उठून बसतात, चिमट्यांनीं गवत किंवा भाताचे हिरवे देंठ कापतात आणि स्वतःएवढा भारा घेऊन तिरप्या चालीनें बिळाकडे पळतात, असें त्यांनीं टिपून ठेवलें. पुढच्याच वर्षीं, १८२६ सालीं, त्रिचनापल्ली येथें त्यांचा अंत झाला व १८२८ सालीं त्यांचा प्रवासवृत्तांत छापून निघाला. साम्राज्याच्या धामधुमींत खेकड्याच्या भाऱ्याकडे लक्ष देणारा गृहस्थ रसिक असला पाहिजे.

त्याच सुमारास दख्खनमध्यें दुसरा एक माणूस वही घेऊन हिंडत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना मुंबई सरकारनें १८२४ सालीं दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें होतें. जमिनी, पिकें, लोकसंख्या, हवामान हें तर त्यांनीं मोजलेंच. पण पक्षी, मासे व खेकडे यांचीहि टांचणें केलीं. नव्या राज्यकर्त्याला सारा ठरवावयाचा होता, म्हणून ही मोजदाद. त्या मोजदादींतून शास्त्राच्या पदरांत मात्र जें पडलें तें साऱ्याहून टिकाऊ ठरलें. दख्खनच्या जमिनीवरील खेकड्यांविषयींचें त्यांचें टिपण लंडनच्या कीटकशास्त्रीय सभेच्या ग्रंथांत १८३६ सालीं आलें, आणि त्यांतील खेकड्याला वेस्टवुड या शास्त्रज्ञानें क्युनिक्युलॅरिस असें नांव दिलें. लॅटिनमध्यें त्या शब्दाचा संबंध सशाशीं व सशाच्या बिळाशीं आहे. म्हणजे हा बिळें खणणारा खेकडा. आज त्याला बॅरिटेल्फूसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात. बीळ दाखविणारे हात अर्थातच येथल्या कुणब्यांचे व कोळ्यांचे असणार. त्यांचीं नांवें कोणी छापलीं नाहींत.

हाच खेकडा सव्वाशें वर्षांनंतर मराठवाड्यांत पुन्हां विद्येच्या उपयोगीं पडला. १९५८ सालीं औरंगाबाद येथें (आजचें छत्रपति संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या प्राणिशास्त्र विभागांत १९७० च्या पुढील काळांत या खेकड्याचें प्रजनन व शरीरव्यापार यांवर बरेंच संशोधन झालें. परदेशी प्राणी आणवावयाचा म्हणजे पैसा हवा. हा प्राणी जवळच्या ओढ्यांत फुकट मिळत होता.

खेकड्याच्या नांगीचा एक विशेष लोकांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. शत्रूनें नांगी घट्ट धरली तर खेकडा ती सोडून देतो. तुटण्याची जागा ठरलेली असते. तेथें आंतून पडदा असतो, म्हणून फारसें रक्त जात नाहीं. पुढें कात टाकतांना त्या जागीं नवी नांगी येते, पहिल्यानें लहान, मग हळूहळू मोठी. मराठींत हार पत्करणें या अर्थीं ‘नांगी टाकणें’ असें म्हणतात. हा वाक्प्रचार विंचवावरून आला असें सामान्यतः सांगतात; शेपटी खालीं पाडलेला विंचू म्हणजे हरलेला विंचू. परंतु अक्षरशः नांगी टाकतो तो खेकडाच, आणि तो हार पत्करून नव्हे तर जीव वांचवून निघून जातो. वाक्प्रचार त्याच्यावरून घडला असता तर त्याचा अर्थ कदाचित् निराळा झाला असता.

समुद्रांतल्या मोठ्या भाईबंदांविषयीं थोडक्यांत. युरोपच्या थंड समुद्रांतील शेवंडीसारख्या प्राण्याला दोन जबरदस्त नांग्या असतात. त्यांतील एक जाड, शिंपले फोडण्याची, व दुसरी बारीक, कापण्याची. ॲरिस्टॉटलनें सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें कीं, खेकड्याची उजवी नांगी मोठी असते, पण या प्राण्यांत कोणती बाजू मोठी होईल हा केवळ योगायोग. मुंबईच्या व कोंकणच्या बाजारांत येणाऱ्या शेवंडीला मात्र अशा नांग्या मुळींच नसतात. तिचें संरक्षण लांब कांटेरी मिशांवर व पाठीच्या कांट्यांवर चालतें. इंग्रजी पुस्तकांतलें चित्र पाहून कोणी शेवंडीला नांग्या काढल्या तर कोळीण हंसल्याशिवाय राहणार नाहीं.

आतां विंचवाकडे वळावयाचें, पण जमिनीवरल्या नव्हे, आकाशांतल्या. ज्येष्ठ-आषाढाच्या रात्रीं, ढग नसतील तेव्हां, सोनपेठच्या माळवदावरून दक्षिणेकडे पाहिलें तर वृश्चिक राशि डोळ्यांत भरते. अनुराधा हें तिचें डोकें, तांबडी ज्येष्ठा हें हृदय आणि मूळ नक्षत्र ही वळलेली शेपटी. बारा राशींत नांवासारखी खरोखर दिसणारी हीच. पण नीट पाहणाऱ्याला एक उणीव जाणवते. या विंचवाला शेपटी आहे, धड आहे, आणि पुढचे चिमटे जवळजवळ नाहींत. ते गेले कोठें?

ते शेजारणीनें घेतले. प्राचीन ग्रीक ज्योतिषी आज आपण ज्यांना तूळ राशीचे तारे म्हणतों त्यांना विंचवाचे चिमटे म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या ताऱ्यांच्या यादींतहि त्या राशीचें नांव ‘चिमटे’ असेंच आहे. बाबिलोनमध्यें त्याच ताऱ्यांना तराजू म्हणण्याची चाल होती. रोमन लोकांनीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत तराजूच पसंत केला, आणि हळूहळू विंचवाचे हात तोडले गेले. अरबांनीं मात्र जुनी आठवण ठेवली. तुळेंतील दोन ठळक ताऱ्यांचीं अरबी नांवें आजहि जगभर चालतात. त्यांचा अर्थ दक्षिणेचा चिमटा व उत्तरेचा चिमटा असा आहे.

राशींचें चक्र भारतांत आलें तें ग्रीकांकडून, इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत. याचा पुरावा खुद्द वराहमिहिराच्या बृहज्जातकांत आहे. सहाव्या शतकांतील या ग्रंथांत राशींचीं जीं दुसरीं नांवें दिलीं आहेत त्यांत वृश्चिकाला कौर्प्य व तुळेला जूक म्हटलें आहे. कौर्प्य हें ग्रीक स्कॉर्पिओस याचें रूप. जूक हें जूं अथवा तराजूची दांडी या अर्थाच्या ग्रीक शब्दाचें. म्हणजे राशि येथें पोंचल्या त्या वेळीं चिमट्यांचा तराजू होऊन गेलेला होता. आपल्या पंचांगाला विंचवाचे चिमटे कधीं भेटलेच नाहींत.

तरीहि एक गंमत उरते. राशींच्या फार आधींपासून येथें नक्षत्रें होतीं, आणि त्या जुन्या चिमट्यांच्या जागेवर आपलें विशाखा नक्षत्र आहे. विशाखा म्हणजे फांटे फुटलेली; तिची देवताहि जोडीची, इंद्राग्नी. ग्रीकांनीं दोन चिमटे पाहिले तेथें वैदिक ऋषींनीं दोन फांद्या पाहिल्या. यावरून कोणी कोणाकडून घेतलें असा वाद घालण्याचें कारण नाहीं. आकाशाच्या त्या भागांत दुभागलेलें कांहींतरी दिसतें, एवढेंच म्हणावें. बारा राशींत खेकडाहि आहेच, कर्क. आणि ग्रीक कार्किनोस व संस्कृत कर्क हे शब्द सख्खे भाऊ शोभावेत असे आहेत. गांठीभोंवतालच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून ग्रीक वैद्यांनीं एका रोगाला त्याचें नांव दिलें. मराठींत कर्करोग हा शब्द त्याच वाटेनें आला आणि घरोघर भीतीचा झाला. त्यांत बिचाऱ्या खेकड्याचा अपराध कांहीं नाहीं.

जमिनीवरच्या विंचवाला खेकड्याचा चुलता समजूं नये. खेकड्याचे चिमटे हे त्याचे पाय. विंचवाचे चिमटे हे तोंडाजवळच्या स्पर्शावयवांचे वाढलेले भाग. त्याचे चालण्याचे पाय वेगळे, चार जोड्या. दोन निराळ्या कुळांनीं एकच हत्यार स्वतंत्रपणें बनविलें. विंचवाला डोळे असतात, पण दिसतें बेताचेंच. त्याच्या चिमट्यांवर अतिशय बारीक केंस असतात आणि हवेच्या हालचालीवरून भक्ष्य कोठें आहे हें तो त्यांनीं ओळखतो. फाब्र या फ्रेंच निरीक्षकानें लिहिलें आहे कीं, नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरून तिला पुढें-मागें फिरवितो. एवढा कोमल उपयोगहि त्या अवयवाला आहे.

पण त्याचें मुख्य काम भक्ष्य पकडण्याचें. येथें निसर्गाचा एक काटकसरीचा व्यवहार दिसतो. ज्याचे चिमटे जाड व बळकट तो भक्ष्य चिरडूनच मारतो. त्याला तीव्र विषाची गरज थोडी. ज्याचे चिमटे बारीक, कात्रीच्या पात्यांसारखे, त्याला भक्ष्य धरून ठेवतां येत नाहीं. त्याची सारी भिस्त शेपटीवर. हा नियम नव्हे, ठोकताळा आहे. परंतु महाराष्ट्रापुरता तो चांगला जुळतो. दगडाखालीं सांपडणारा मोठा काळा विंचू, ज्याला लोक इंगळी म्हणतात व जिच्या नुसत्या नांवानें मुलें दचकतात, तिचे चिमटे खेकड्यासारखे रुंद असतात. तिच्या डंखानें वेदना होते, जीव सहसा जात नाहीं. तिच्या निम्म्याएवढा, तांबूस-पिंवळा, बारीक चिमट्यांचा विंचू दिसायला य:कश्चित्. प्राण घेतो तो हाच.

जुन्या वैद्यांची नजर या बाबतींत अगदींच चुकलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग करून एकंदर तीस प्रकार सांगितले आहेत. वर्गीकरण मुख्यतः रंगावर आहे, आणि त्यांत काळा विंचू मंदविषांत घातला आहे. शेणांत, लांकूड-विटांत व सापाच्या कुजलेल्या देहांत विंचू उत्पन्न होतात ही त्यांची कल्पना आज टिकत नाहीं. काळ्याविषयींचें निरीक्षण टिकतें. जनसमजुतीनें पुढें तें विसरून इंगळीला भयाचें सिंहासन दिलें. एकनाथांच्या भारुडांत विंचू आला तो विकारांचें रूप घेऊन; ऐकणाऱ्याला वेदना समजावून सांगावी लागत नव्हती, ती घरोघर ठाऊक होती. शस्त्रांतहि विंचू शिरला. अफझलखानाच्या वधाच्या प्रसंगीं, १६५९ सालीं, वाघनखांबरोबर ज्याचा उल्लेख येतो तो बिचवा म्हणजे विंचवाच्या कांट्यासारखें वळलेलें लहान पातें. येथेंहि शेपटीच लक्षांत राहिली, चिमटे नाहींत.

तांबड्या विंचवाला शास्त्रीय नांव मिळालें १७९८ सालीं. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञानें त्याला टॅम्युलस म्हटलें, म्हणजे तमिळ देशचा. १९०० सालीं पोकॉक यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील विंचवांचा व कोळ्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे (स्थापना १८८३) चिटणीस फिप्सन यांचें नांव त्यांनीं एका काळ्या विंचवाला दिलेलें आहे. अशा रीतीनें विंचवाचें नांवगांव, चिमट्यांची लांबी-रुंदी, दांते हें सारें नोंदलें गेलें. पण ज्याला तो चावला त्याचें काय करावें हें ग्रंथांत नव्हतें.

खेड्यांत काय होत असे तें सर्वांना माहीत आहे. मांत्रिक येई, अंगारा लावी, झाडपाला चोळी. शंभरांतले बहुतेक डंख साधे. वेदना चोवीस तासांत आपोआप उतरे आणि यशाचा धनी मांत्रिक होई. उरलेल्यांत, विशेषतः लहान मुलांत, वेगळेंच चित्र दिसे. वेदना थोडी, पण ओकाऱ्या, सर्वांगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. मग कांहीं तासांनीं धाप, तोंडाला गुलाबी फेंस, आणि शेवट. वेदना कमी म्हणून घरचे निर्धास्त राहत, हा या दुखण्याचा सर्वांत क्रूर भाग.

या मृत्यूंचें कारण फुप्फुसांत पाणी भरणें हें आहे, असें डॉ. मुंडले यांनीं १९६१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें लिहिलें. कारण कळलें, उपाय कळला नाहीं. १९७६ सालीं हिंमतराव बावस्कर नांवाचे तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. हे मराठवाड्याचे सुपुत्र. जालना जिल्ह्यांतील देहेड हें त्यांचें गांव, शिक्षण नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत. कोंकणच्या त्या भागांत तांबडा विंचू विपुल. धडधाकट आलेलीं मुलें रात्रींत दगावतांना त्यांनीं पाहिलीं आणि रोग्याच्या खाटेशीं बसून तासातासाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. ओकारी, घाम, गार हातपाय हीं पुढच्या संकटाचीं पूर्वचिन्हें आहेत हें त्यांनीं १९८२ सालीं लॅन्सेटमध्यें मांडलें.

विष काय करतें तें आतां स्पष्ट झालें आहे. मज्जातंतूंतील सोडियमचीं दारें तें उघडीं ठेवतें. शरीर भीतीच्या वेळीं सोडावयाचे रस एकदम ओतून देतें. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलणें अशक्य होतें आणि पाणी फुप्फुसांत उतरतें. तेव्हां आवळलेल्या वाहिन्या सैल करणें हाच उपाय. बावस्करांनीं प्रथम शिरेंतून देण्याचें एक औषध वापरलें. पण त्याला क्षणोक्षणीं रक्तदाब मोजावा लागे, आणि खेड्यांतील केंद्रांत तें कोण करणार? मग त्यांनीं रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीकडे मोर्चा वळविला. गोळी पोटांतून देतां येते, स्वस्त आहे, दुर्गम गांवीं ठेवतां येते. १९८६ सालीं त्याचे अनुभव लॅन्सेटमध्यें आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याहि या कामांत व लेखनांत बरोबरीनें होत्या.

१९६१ ते १९८३ या काळांत पश्चिम भारतांत अशा रोग्यांचे मृत्यू शेंकडा २५ ते ३० होते. १९८४ पासून प्राझोसिन वापरांत आल्यावर ते शेंकडा एकाच्याहि खालीं गेले, असें त्यांनीं नोंदविलें आहे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंत नव्हे, तालुक्याच्या दवाखान्यांत ही गोष्ट झाली, हें विशेष सांगण्यासारखें आहे. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

विषाचा दुसराहि उपयोग निघाला. याच तांबड्या विंचवाच्या विषांतून १९९० सालीं आयबेरिओटॉक्सिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पेशींतील पोटॅशियमच्या एका विशिष्ट मार्गाला तेवढेंच तें बंद करतें, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तें अभ्यासाचें साधन झालें आहे.

दरम्यान प्रतिविषाची लसहि तयार झाली. गोळी पुरे कीं लसहि हवी, हा प्रश्न महाड येथेंच ७० रोग्यांवर तपासण्यांत आला व त्याचा निकाल २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. लस व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकीं शेंकडा ९१ रोगी दहा तासांच्या आंत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा २३ होतें, बाकीच्यांना अधिक वेळ लागला. दोन्ही वेळीं उपचार ठरविला गेला तो विंचवाच्या रंगावरून किंवा चिमट्यांवरून नव्हे, रोग्याच्या घामावरून व गार पडलेल्या हातापायांवरून. कारण अंधारांत चावलेला विंचू पुष्कळदां सांपडतच नाहीं.